अडीचची भांडी

ज्या मुलाखतीसाठी मला पुरस्कार मिळाला, ती मुलाखत मी ज्याची म्हणून छापली त्याची नव्हतीच. याचं शुद्धिपत्र मागच्या शुक्रवारी आमच्या पुरवणीत चौथ्या पानावर तळाशी आलं आहे. आमचे संपादक बाबाराव ते छापायला तयार नव्हते. "तीन वर्षांनी कोणी शुद्धिपत्र देते का वं? लोकाइनं त्या कागदात कवाचा चिवडा बांधून नेला," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नेऊ द्या, आता शुद्धिपत्रातही नेतील. ते हसले आणि माझं काम झालं. बाबारावांना हसवलं की पान आपलं, एवढं मला वीस वर्षांत कळलं आहे.

ही वीस वर्षं मी नागपुरात बसून मुंबईच्या टीव्हीवाल्यांच्या मुलाखती घेते आहे. बसून म्हणजे खरंच बसून, कारण सगळं फोनवर चालतं. प्रसिद्धीचं काम बघणारी एखादी मुलगी फोन जोडून देते, "ताई, सरांकडे दहाच मिनिटं आहेत" असं बजावते, आणि मग सर मेकअप करून घेता घेता बोलतात. या धंद्यात त्याला फोनो म्हणतात. फोनोमध्ये मला कळतं की यांची ही भूमिका आजवरच्या भूमिकांपेक्षा खूप वेगळी आहे, सेटवर सगळे एका कुटुंबासारखे राहतात आणि प्रेक्षकांचं प्रेम हीच खरी पावती. ही उत्तरं ऐकता ऐकता मी प्रताप नगरातल्या माझ्या घरी मेथी निवडते. कानाला फोन आणि पुढ्यात जुडी, दोन्ही कामं एकदमच संपतात.

तरी मी हे काम आवडीने करते, कारण माझ्याकडे एक युक्ती आहे. ती कुणी शिकवली नाही, माझी मला सापडली. समोरच्याचं उत्तर संपलं की मी पुढचा प्रश्न विचारत नाही. गप्प राहते आणि मनात चार अंक मोजते. माणसाला शांतता सोसवत नाही, आणि लोकांना हसवून पोट भरणाऱ्याला तर मुळीच नाही. तिसऱ्या अंकाला तो काहीतरी बोलून टाकतो, आणि छापण्यासारखं जे काही असतं ते त्यातच असतं. चौथा अंक मोजायची वेळ माझ्यावर फार क्वचित आली आहे.

तीन वर्षांपूर्वी याच युक्तीने मी दुर्गेश सरनाईकला बोलतं केलं. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. 'पोट धरून' या विनोदी कार्यक्रमातला तो मुख्य नट. साताऱ्याचा, सहा फूट उंच, आणि आवाज असा की वाक्याच्या शेवटी तो नाकात शिरून हळूच खाली उतरतो. शाळेतली पोरंसुद्धा त्याची नक्कल करतात. पिंकी नावाच्या मुलीने फोन जोडून दिला. नेहमीचे सहा प्रश्न झाले. शेवटी मी विचारलं, विनोदाचं टायमिंग कुठे शिकलात? तो म्हणाला, अनुभवातून. मी गप्प राहिले. एक. दोन. तीन.

"आमच्याकडे दुपारी बरोबर अडीचला कोळशाच्या खाणीत सुरुंग उडायचे," पलीकडून तोच नाकातला आवाज आला. "सगळं घर हलायचं. म्हणून आई त्याआधी फळीवरची काचेची भांडी उतरवून जमिनीवर ठेवायची. घरात घड्याळ नव्हतं आणि भोंगा व्हायचा तो नंतर. तरी तिचे हात बरोबर वेळेवर वर जायचे. लवकर उतरवली तर पायात येणार, उशीर झाला तर फुटणार. विनोदाचं तेवढंच आहे. बाकी मला काही येत नाही."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. माझे वडील कन्हानजवळच्या कोळशाच्या खाणीत हजेरी घेणारे कारकून होते. आम्ही तिला खदान म्हणायचो. सातवीपर्यंत मी खदानीच्या कॉलनीत वाढले. आमच्याही फळीवर आईला लग्नात मिळालेले सहा काचेचे पेले होते. एका दुपारी आई बाहेर गेली होती आणि उतरवायचं काम माझ्याकडे होतं. मी खेळत बसले आणि तीन पेले गेले. ऑफिसात मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि मुंबईचा एक नट मला माझ्या घरची दुपार सांगत होता. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं आणि धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

आता कुणीही विचारेल की साताऱ्याच्या माणसाच्या घरी कोळशाची खदान कुठून आली. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ वार्ताहरालाही हा प्रश्न पडला असता. मला पडला नाही. पडला असेल तर मी तो बाजूला सारला, कारण उत्तर मला फार आवडलं होतं. आवडलं म्हणून तपासलं नाही, एवढीच माझी चूक, आणि ती लहान नाही.

मुलाखत गाजली. 'टायमिंग मला भांड्यांनी शिकवलं' हा मथळा लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवला. कामठी, कन्हान, उमरेडहून पत्रं आली, आमच्याकडेही असंच होतं म्हणून. जिल्ह्यातल्या पत्रकारांच्या एका संस्थेने मला लाकडी स्मृतिचिन्ह आणि शाल दिली. त्यानंतर दुर्गेश सरनाईकचे मी आणखी चार फोनो घेतले आणि चारही एकाहून एक सरस झाले. दुसऱ्या दैनिकांतले लोक विचारायचे, हा माणूस तुमच्याशीच असा कसा बोलतो? मी नुसती हसायची. डोक्यात हवा जाते ती अशी.

या वर्षी 'पोट धरून'चा दौरा नागपुरात आला. रविवारी संध्याकाळी रेशीमबागेतल्या सभागृहात प्रयोग, आणि प्रयोगाआधी अर्धा तास दुर्गेश सरनाईकची प्रकट मुलाखत. ती घ्यायला मीच हवी असं आयोजकांनी सांगितलं. माझी आणि त्याची कधी समोरासमोर भेट झालेली नव्हती. म्हणून रविवारी दुपारी बारा वाजता मी तो उतरला होता त्या हॉटेलात गेले.

खोलीत तिघं होते. दुर्गेश सोफ्यावर पाय पसरून बसला होता. पिंकी एकाच वेळी दोन फोनवर बोलत होती. आणि खिडकीशी खुर्चीवर टक्कल पडलेला, चाळिशी ओलांडलेला एक बारीक माणूस मांडीवर फाइल घेऊन काहीतरी लिहीत होता. त्याची ओळख कुणी करून दिली नाही.

"तुमची ती अडीचची भांडी नागपूर अजून विसरलेलं नाही," मी दुर्गेशला म्हटलं.

"कसली भांडी?" तो म्हणाला.

मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "हां, हां. तो किस्सा. दिवाळीचा ना? सुतळी बॉम्बचा?"

खिडकीपाशी पेन थांबलं. त्या बारीक माणसाची मान इतकी खाली गेली की मला फक्त टक्कल दिसत होतं. पिंकीने दोन्ही फोन बंद केले आणि मला चहा हवा का असं विचारलं. मी नको म्हटलं. पाच मिनिटांत तो माणूस झेरॉक्स काढायला म्हणून बाहेर निघाला आणि मी त्याच्या मागे. लिफ्टसमोर गाठलं. भांडी कुणाच्या घरची, ते त्या खाली गेलेल्या मानेनेच सांगितलं होतं. नाव-गाव न विचारता मी सरळ आमच्या बोलीवर उतरले.

"कोणती कॉलनी, भाऊ?"

तो लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिला. मी एक, दोन असं मोजायला लागले, पण त्याची गरज पडली नाही.

"तीन नंबर," तो म्हणाला. "नदीच्या अलीकडची. अन् तुम्ही?"

"एक नंबर. हजेरीबाबूची पोरगी."

"मंग तुम्हाले समजणारच होतं," तो म्हणाला. "मी घाबरूनच होतो. तुमचा फोन आला का मले वाटे, आज धरतात."

तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. नाव प्रेमानंद रंगारी. चौदा वर्षांपासून दुर्गेशच्या तोंडची वाक्यं हाच लिहितो. लिहिताना ती त्याच्याच आवाजात म्हणून बघतो, त्यामुळे तो आवाज याच्या गळ्यात बसला. तीन वर्षांपूर्वी दुर्गेशचा घसा बसला होता आणि पिंकीला एका दिवसात अकरा फोनो द्यायचे होते. आजच्या दिवस निभावून ने, असं तिने याला म्हटलं. आजचा दिवस संपला तो संपलाच नाही. तेव्हापासून दुर्गेशचे सगळे फोनो प्रेमानंद देतो.

"बाकीच्याइले मी तेच ठरलेलं सांगतो, भूमिका लय वेगळी आहे म्हणून," तो म्हणाला. "तुम्हीच चूप राहता. मंग माह्या तोंडातून खरं निघून जाते."

मला आधी राग आला. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, पण तो स्वतःवर. वीस वर्षांतली माझी सगळ्यात चांगली मुलाखत ज्याने दिली, त्याचं नाव तिच्यात कुठेही नव्हतं. आणि ते मी, माझ्या हाताने, गाळलं होतं.

"मी हे छापते," मी म्हटलं.

"नका छापू ताई. मले काढून टाकतील. वर म्हणतील, यानं सरचा आवाज चोरला."

"अन् कार्यक्रमात तुमचं नाव कुठी येते?"

"शेवटी येते ना. बारीक अक्षरात, पळत जाते." त्याने बोट हवेत झरकन वर नेलं. "माही आई, मीराबाई, साठीच्या पुढं वाचाले शिकली. विहारात वर्ग होते बायाइचे. अक्षर लावून लावून वाचते. दर एपिसोडले शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसून राहते. 'प्रे' वाचते तोवर नाव गेलं राहते. मले फोनवर म्हणते, एकदा तरी थांबव ना गा तुह्यं नाव."

आई कुठे असते, असं मी विचारलं.

"आज येऊन राहिली ते," तो म्हणाला. "कॉलनीतल्या पंधरा-वीस बायाइले घेऊन. तिसरी रांग."

"अन् तुम्ही स्टेजवर?"

"मी विंगेत. स्किटमधल्या सासूचा आवाज, शेजाऱ्याचा, कुत्र्याचा, सगळे माहेच आहेत. माइक घेऊन उभा राहतो. दिसत नाई."

"मंग आई काय पाहीन?"

"सरले पाहीन," प्रेमानंद म्हणाला, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी त्याला शब्द दिला. तुमचं नाव मी घेणार नाही, ना छापून ना बोलून. ते घ्यायचं तर तुम्हीच घ्याल. पण प्रश्न माझे आहेत, ते मी मला हवे तसे विचारीन. तो हो म्हणाला. नाही म्हणायची सवय त्याला नव्हतीच.

संध्याकाळी रंगपटात पिंकीने प्रश्नांचा कागद माझ्या हातात दिला. वर लाल शाईत लिहिलं होतं, भांड्यांचा प्रश्न नको. "सर ते विसरलेत आता," ती म्हणाली. मी म्हटलं, हो का, वय झालं. कागदाची चार घड्या घालून तो पर्समध्ये टाकला आणि माझी पिवळी कार्डं काढली. ही कार्डं मी वीस वर्षं वापरते. एका कार्डावर एक प्रश्न, मागची बाजू कोरी.

सभागृह खच्चून भरलं होतं. पडदा उघडला तेव्हा दुर्गेशला मिळालेल्या टाळ्या मिनिटभर थांबल्या नाहीत, आणि ते खोटं नव्हतं. माणूस स्टेजवर उभा राहिला की बघत राहावंसं वाटतं, हे मी नाकारत नाही. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीने बसल्या होत्या. मधोमध एक लहानखुरी म्हातारी, मांडीवर कापडी पिशवी, पाठ ताठ. तिला कुणी दाखवायची गरज नव्हती. कपाळ हुबेहूब प्रेमानंदचं होतं.

पहिले पाच प्रश्न मी नेहमीचेच विचारले. दुर्गेशने नेहमीचंच सांगितलं आणि लोक हसले. सहावं कार्ड वर आलं.

"दुर्गेशजी, तुमचं टायमिंग कुठून आलं? इथल्या लोकांना उत्तर पाठ आहे. त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, भांडे, भांडे. दुर्गेशने माझ्याकडे हसून बघितलं. मी गप्प. मनात अंक सुरू झाले. एक. त्याने पाण्याचा ग्लास उचलला. दोन. तो खाली ठेवला. तीन. त्याचं हसू तसंच होतं, पण डोळे उजव्या विंगेकडे गेले. चार. आता टाळ्याही थांबल्या होत्या. हजार माणसं उत्तराची वाट बघत होती आणि त्यातल्या निम्म्यांना ते येत होतं. तेवढं एका दुर्गेशला येत नव्हतं.

मला त्याची कीव आली नाही, हे कबूल करते. पाच.

"आमच्याकडे दुपारी बरोबर अडीचला कोळशाच्या खाणीत सुरुंग उडायचे," सभागृहातल्या सगळ्या स्पीकरमधून दुर्गेश सरनाईकचा आवाज आला. दुर्गेश सरनाईकचं तोंड बंद होतं.

याची मी योजना केली नव्हती. शपथेवर सांगते. प्रेमानंदनेही नाही, त्याने मला नंतर सांगितलं. चौदा वर्षं तो विंगेत उभा आहे. दुर्गेश अडला की याचा हात माइककडे जातो. त्याच्या आईचा फळीकडे जायचा तसा. विचार करून नव्हे, वेळ झाली म्हणून.

लोक पोट धरून हसायला लागले. त्यांना तो आखलेला विनोद वाटला. आणि दुर्गेशही काही कच्चा गडी नाही. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा, माझा आत्मा माझ्याआधी नागपूरला येऊन बसलाय." पुन्हा हशा. प्रकरण तिथे मिटलं असतं. लोक हसत घरी गेले असते आणि मीराबाई दुर्गेशला बघून.

"आत्म्याला एक प्रश्न विचारू का?" मी म्हटलं.

हशा मिळत असला की दुर्गेशला दुसरं काही दिसत नाही. "विचारा की," तो म्हणाला.

मी खुर्ची फिरवली आणि उजव्या विंगेकडे तोंड केलं. अंधारात माइकचा लाल दिवा तेवढा दिसत होता.

"आपलं नाव काय?"

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा. हशा विरला. लोकांना कळलं की हे आखलेलं नाही. सात, आठ. पिंकी दुसऱ्या विंगेतून मला हाताने नको नको करत होती. नऊ. प्रेमानंद बाहेर आला नाही तर मी एका माणसाची नोकरी घालवून बसणार होते आणि वर त्याला लाजवणार होते. दहा.

तिसऱ्या रांगेत मीराबाई उभी राहिली. दुर्गेशच्या नाकातला तो आवाज साऱ्या महाराष्ट्राला ओळखीचा होता, पण त्याच्या आत कोण बोलतं हे तिला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. हे मी तिच्या तोंडावर बघितलं. माइक नव्हता, तिचा आवाजही मोठा नव्हता. पण सभागृहात इतकी शांतता होती की गॅलरीपर्यंत ऐकू गेलं.

"सांग ना गा," ती म्हणाली.

लाल दिवा हलला आणि प्रेमानंद उजेडात आला. अंगात चुरगळलेला निळा शर्ट, एका पायातली चप्पल अर्धवट घातलेली. माइक त्याने दोन्ही हातांनी धरला होता. तो बोलला तेव्हा आवाज बारीक होता, थोडा घोगरा, आणि तो तिसरी रांग आणि स्टेजवरचे आम्ही सोडून त्या सभागृहात कुणी ऐकलेला नव्हता.

"प्रेमानंद," तो म्हणाला. "प्रेमानंद मीराबाई रंगारी. कन्हान, तीन नंबर."

टाळ्या आधी तिसऱ्या रांगेत सुरू झाल्या. मग त्या कशा पसरल्या ते मला सांगता यायचं नाही. मी उभी राहिले आणि माझ्या वाट्याचं बोलून टाकलं. तीन वर्षांपूर्वी मी एक मुलाखत छापली, दुर्गेश सरनाईकची म्हणून. ती या माणसाची होती. मला पुरस्कार मिळाला. मी तपासलं नव्हतं, चूक माझी. एवढं बोलायला मला वीस सेकंद लागले आणि बोलून झाल्यावर जसं हलकं वाटलं, तसं ती शाल घेताना वाटलं नव्हतं.

दुर्गेश माझ्याकडे वाकला. "हे बरं नाही केलंत," तो माइकवर हात ठेवून म्हणाला. मग त्याने सभागृहाकडे बघितलं. लोक प्रेमानंदकडे बघत टाळ्या वाजवत होते. दुर्गेश उठला, स्वतःची खुर्ची उचलून पुढे आणली आणि म्हणाला, "बस रे. माझ्या जिवावर खूप वर्षं उभा राहिलास." लोक हसले, तेव्हा त्याने मान हलवली. "उलटं झालं," तो म्हणाला, "याच्या जिवावर मी." त्याला वारा कळला की लाज वाटली, मला माहीत नाही. खुर्ची मात्र त्याने स्वतः उचलली, हेही मी बातमीत लिहिलं.

प्रेमानंद बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी सहावं कार्ड पुन्हा वर घेतलं.

"प्रेमानंदजी, टायमिंग कुठून आलं?"

या वेळी मला मोजावं लागलं नाही.

"ते काय सांगाले लागते का ताई," तो म्हणाला, आणि पहिला हशा तिथेच मिळाला. "इथं अर्धे लोक खदानीतलेच बसून राहिले. समजा, दुपार आहे. बाबा ड्यूटीवर. आई तांदूळ निवडून राहिली. मी अभ्यास करून राहिलो, म्हणजे तिले तसं वाटून राहिलं. शेजारची काकू बोलून राहिली, ते सकाळपासून बोलूनच राहिली. घरात घड्याळ नाई. भोंगा वाजला नाई. कोणीच काही म्हणत नाई." त्याने आवाज आणखी खाली आणला. "काकू एकदम चूप होते."

आणि तोही चूप झाला.

मी आयुष्यभर शांतता मोजली आहे, पण ती शांतता माझ्यापेक्षा मोठ्या कारागिराची होती. एक. दोन. तिसऱ्या रांगेत मीराबाईचे दोन्ही हात वर गेले, नसलेल्या फळीकडे, बोटं पसरलेली. तिच्या शेजारणींचे गेले. मग मागच्या रांगांतून, मग गॅलरीतून, कामठीच्या, कन्हानच्या, उमरेडच्या माणसांचे, म्हाताऱ्यांचे आणि सुनांचे, शंभर-दोनशे हात एकाच वेळी वर गेले. कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचं नागपूर वळून वळून बघत होतं.

"धुम्म," प्रेमानंद अगदी हळू म्हणाला.

मग जे हसू फुटलं त्याने स्पीकर घरघरले. लोक हसत होते, डोळे पुसत होते आणि हात तसेच वर धरून होते, भांडी सुखरूप असल्यासारखे. मी खाली बघितलं तर माझी पिवळी कार्डं स्टेजवर पसरली होती. माझेही हात वरच होते. या वेळी मला उशीर झाला नव्हता.

नंतरचं थोडक्यात सांगते. प्रेमानंदला कुणी काढलं नाही. काढणार कोण, त्या रात्रीपासून लोक त्यालाच मागायला लागले. पुढच्या महिन्यापासून तो कार्यक्रमात समोर येणार आहे, स्वतःच्या तोंडाने. फोनो आता दुर्गेश स्वतः देतो. "म्हणून त्या मुलाखती आता बेकार येतीन ताई, तयारी ठेवा," असं प्रेमानंदने मला बजावून ठेवलं आहे. स्मृतिचिन्ह मी संस्थेला परत करायला गेले. ते म्हणाले, त्याच्या नावाची पट्टी लावून देतो. ती लावून झाल्यावर मी ते कन्हानला पोचवलं.

शुद्धिपत्र आलं त्या शुक्रवारी सकाळी मी मेथी निवडत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हजेरीबाबूची पोरगी का वं?" पलीकडून म्हातारा आवाज आला. "मी मीराबाई बोलून राहिली. पेपर आणला पोट्ट्याइनं."

"वाचला का मावशी?"

"वाचून राहिली." पलीकडे कागद वाजला. ती अक्षर लावायला लागली आणि मी नेहमीसारखी गप्प राहिले. "प्रे... मा... नं... द." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी आडनावापर्यंत गेली, सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवत असावी.

"सकाळपासून तीनदा वाचलं," मीराबाई म्हणाली. "हे नाव पळत नाई वं."